उलटा वर्ग आणि दहा बाय दहाची खोली

महाविद्यालयांत सध्या 'फ्लिप्ड क्लासरूम'चा फार बोलबाला आहे. फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे उलटा वर्ग. प्राध्यापकांनी व्याख्यान रेकॉर्ड करून पाठवायचे, विद्यार्थ्यांनी ते घरी पाहायचे आणि वर्गात फक्त चर्चा व शंका. ही कल्पनाच वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. डिक्टेशन घेऊन वह्या भरण्यात आमची उमेदीची वर्षे गेली आणि प्रश्न विचारणाऱ्याला 'फार शहाणा' म्हणून गप्प बसवले गेले. वर्गात खरोखर चर्चा होणार असेल तर तिचे पहिले स्वागत आम्हीच करू.

माझा आक्षेप 'घरी' या एका शब्दाला आहे.

अशाच एका कार्यशाळेत मी विचारले, व्हिडिओ कुठे बसून पाहायचा? तज्ज्ञ म्हणाले, "आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे." टाळ्या पडल्या. प्रश्न जागेचा आणि वेळेचा होता, उत्तर मोबाईलचे मिळाले!

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी रविवारी येते. इतर दिवशी सकाळी कॉलेज, दुपारपासून कापडाच्या दुकानात नोकरी, घरी पोचायला नऊ. मग भांडी, उद्याचे पाणी. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, त्यात टीव्ही. चार विषयांचे चार व्हिडिओ तिने कधी पाहायचे? एके दिवशी सरांनी विचारले, पाहिला का? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग मागे बस, चर्चेत पडू नकोस." मागे बस, हे शब्द आपल्याला नवे नाहीत.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतले परळच्या चाळीतले घरही एका खोलीचेच होते. सारे झोपल्यावर, पहाटे दोनला रामजीबाबा त्यांना उठवत आणि दिव्याच्या उजेडात अभ्यास होई. पण त्याच बाबासाहेबांनी 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा 'तुम्हीही दोनला उठा' असे सांगितले नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरवले. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याप्रमाणे कॉलेजने आपली वेळ बदलली.

या पद्धतीचा बोलबाला ज्यांच्यामुळे झाला, ते अमेरिकेतील कोलोरॅडोचे बर्गमन आणि सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक. 2007 च्या सुमारास, गैरहजर मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून त्यांनी धडे रेकॉर्ड केले. ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्यांना डीव्हीडी करून दिल्या. आपल्याकडे नाव आले, डीव्हीडी तिकडेच राहिली.

आणि पैशाचे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली होती. इकडे पदे रिकामी, शिकवायला तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. त्यांना वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, व्हिडिओ बनवण्यात गेलेल्या रात्रीचे नाहीत. उद्या त्यांना काढले तरी व्हिडिओ कॉलेजकडेच राहील आणि 'रेकॉर्डिंग आहे ना' म्हणत ते पद रिकामेच ठेवले जाईल. वर्ग उलटा करताना खर्चही उलटला आहे. कॉलेजने द्यायची खोली, बाक, वीज, इंटरनेट आता विद्यार्थ्याच्या घराने द्यायचे. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्यांना हे खर्च दिसतही नाहीत.

म्हणून त्या मुलीच्या प्राचार्यांना आम्ही निवेदन दिले आहे. व्हिडिओ पाहण्याचा तास वेळापत्रकातच धरा. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर द्या आणि सोबत मराठीत टिपण द्या. न पाहता आलेल्याला चर्चेतून उठवू नका. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवा.

ग्रंथालय सध्या साडेपाचला बंद होते. ती मुलगी दुकानातून साडेआठला सुटते.