विश्लेषण : बेसबॉलमध्ये वेग वाढतोय, मग शोएबचा विक्रम अजून का टिकून आहे?

नागपूर : खापरखेड्याजवळच्या वलनी खाण वसाहतीत टेनिस बॉलवर खेळणारा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू, आणि ओळख एकच, वेग. आज नागपूरच्या मैदानावर नव्या गोलंदाजाबद्दल पहिला प्रश्न येतो तो, ‘स्पीड किती?’

गंमत म्हणजे क्रिकेटमधला वेगाचा विक्रम २००३ पासून हललेला नाही. शोएब अख्तरचा ताशी १६१.३ किमीचा चेंडू अजून सर्वांत पुढे आहे. उलट अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये वेगवान फेकीची सरासरी २००८ मध्ये ताशी १४८ किमीच्या आसपास होती. आता ती १५१ च्या पुढे गेली आहे.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना मात्र जपून. १९७४ मध्ये नोलन रायनचा चेंडू ताशी १६२ किमी मोजला गेला, पण तो फलंदाजाजवळ पोहोचताना. आज मोजणी हातातून सुटताक्षणी होते आणि वाटेत हवेमुळे आठ-दहा टक्के वेग जातो. म्हणजे रायन प्रत्यक्षात आणखी वेगवान होता.

सरासरी वाढली ती मुख्यतः कामाच्या वाटणीमुळे. पूर्वी एकच पिचर सामनाभर टाकायचा, त्यामुळे ताकद राखून ठेवायचा. आता अनेक जण एका डावापुरते येतात आणि १५-२० चेंडू जीव तोडून टाकतात. जोडीला हायस्पीड कॅमेरे, जड चेंडूंचा सराव आणि वेग पाहूनच होणारी निवड.

क्रिकेटमध्ये नियमच आडवा येतो. पिचर वाकवलेला कोपर चाबकासारखा सोडतो. गोलंदाजाला तो १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. वेग येतो धावेतून आणि ताठ रोवलेल्या पुढच्या पायातून. त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपटीहून जास्त भार येतो. कसोटीत असे दिवसाला शंभरावर चेंडू! आयपीएलमध्ये फक्त २४. उमरान मलिकचा १५७ आणि मयंक यादवचा १५६.७ किमीचा चेंडू आयपीएलमध्येच पडला, हा योगायोग वाटत नाही.

किंमत दोन्हीकडे आहे. पिचरचा कोपर जातो, गोलंदाजाची पाठ. वेगाच्या हव्यासाने दुखापती वाढल्याचे मेजर लीगच्याच डिसेंबर २०२४ च्या अहवालात आहे. बुमराची पाठ आपण पाहिलीच. मयंक तर २०२४ च्या त्याच मोसमात चार सामन्यांनंतर बाहेर बसला. पौगंडावस्थेत पाठीच्या हाडांना धोका अधिक, म्हणून इंग्लंडच्या मंडळाने वयानुसार दिवसाच्या षटकांवर मर्यादा घातली आहे. आपल्याकडे सकाळी शाळेसाठी, दुपारी क्लबसाठी टाकणाऱ्या पोराची षटके मोजतो कोण?