सध्या कुठं असतो?

मुलगा फौजेत असला की भोरमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो, "सध्या कुठं असतो?" एस.टी. स्टँडवर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. विचारणारे आपुलकीनंच विचारतात. आर्मीतल्या पोरांच्या आया पटकन सांगतात, जम्मूला, पठाणकोटला, आसामला. मी म्हणते, "पाण्यात." लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई थट्टा करतायत. (जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे गावाची मी बाईच.)

पण मंडळी, ती थट्टा नाही. मुलगा नौदलात आहे, पाणबुडीवर. बोट समुद्रात गेली की तो कुठं आहे हे मला माहीत नसतं, आणि माझं मत असं आहे की ते मला माहीत नसलेलंच बरं. आईनं असं म्हणावं हे माझ्या जाऊबाईंना पटत नाही. त्या हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाणबुडी हा शब्द आमच्याकडे बोटीच्या आधीपासून आहे. भाटघरच्या पाण्यावर टिबुकली दिसते ना, तिलाही पाणबुडी म्हणतात. बुडी मारते एकीकडे, वर येते भलतीकडे. ती कुठून वर येणार हे कळलं की तिचं संपलं. बोटीचंही तसंच. लपणं हीच तिची ताकद. जमिनीवरून तिला निरोप जातो तो फार लांब लांब रेडिओलहरींवरून. त्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं 'कट्टबोम्मन' नावाचं केंद्र आहे. त्या लहरी समुद्राच्या पाण्यात काही मीटरच शिरतात. बोट ऐकते, पण त्यावरून उत्तर देऊ शकत नाही, आणि दुसऱ्या मार्गानं बोललीच तर जागा उघड व्हायची भीती. (हे मला मुलानं सांगितलेलं नाही हं. सगळं पेपरात छापून आलेलं आहे. तो घरी आला की बोटीबद्दल एक अक्षर बोलत नाही. जेवण कसं होतं विचारलं तरी "चांगलं होतं" एवढंच.)

१९७१ च्या युद्धात आपली 'खुकरी' बुडाली ते कित्येकांना आठवत असेल. ९ डिसेंबरची रात्र, दीवजवळचा समुद्र. पाकिस्तानच्या 'हँगोर' पाणबुडीनं टॉर्पेडो मारला आणि १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्ला बोटीबरोबरच गेले. 'हँगोर' कुठं आहे हे आपल्याला वेळेवर नेमकं कळलं असतं तर? मी या गोष्टीकडे दोन्ही बाजूंनी बघते, बघावंच लागतं. 'हँगोर'वरच्या पोरांच्या आयाही तेव्हा वाट बघत असतील, त्यांनाही काही माहीत नसेल. आणि माझा मुलगा जे शिकलाय ते 'हँगोर'नं केलं तेच काम आहे. हे मनाला गोड लागत नाही. पण मुलगा पाणबुडीवर आहे म्हणून मिरवायचं आणि ती कशासाठी असते ते बघायचं नाही, हे मला जमत नाही.

तर प्रश्नाकडे येते. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाचे सात जण पकडले गेले. समाजमाध्यमांवरून ओळख वाढवून त्यांच्याकडून बोटींची माहिती काढून घेतल्याचा आरोप होता. त्यानंतर नौदलानं तळांवर आणि बोटींवर स्मार्टफोन, फेसबुक बंद केलं. तेव्हा आमच्या नात्यातले एक जण म्हणाले, "काय हा जाच, पोरांनी घरी बोलायचं कसं?" मला तो जाच वाटला नाही. सहज विचारलेला प्रश्न आणि पाळत ठेवून विचारलेला प्रश्न, दोन्हीचे शब्द तेच असतात. "सध्या कुठं असतो?"

माझं माहेर वेल्ह्याचं. (२०२४ मध्ये सरकारनं तालुक्याला राजगड नाव द्यायचं ठरवलं, तोंडात मात्र अजून वेल्हेच येतं.) २८ सप्टेंबर २०१९ ला मुंबईत 'खांदेरी' पाणबुडी नौदलात आली तेव्हा तिकडच्या भावकीला कोण आनंद. महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. लगेच फोन, "आपला त्याच्यावरच आहे का?" कोणत्या बोटीवर आहे ते मी सांगितलं नाही. आजही सांगणार नाही.

तिथल्याच एका म्हाताऱ्या काकूंनी विचारलं होतं, "पाण्याखाली माणूस ऱ्हातो कसा गं?" मी त्यांना वेळवंड खोऱ्यातल्या कांबरेश्वराच्या देवळाची आठवण दिली. भाटघरच्या पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात धरण उतरलं की वर येतं. काकू म्हणाल्या, "द्येव ऱ्हाईल. त्याला श्वास कुठं घ्यावा लागतो?" यावर मी काय बोलणार!

श्वासाचंच आहे सगळं. मुलगा सुट्टीवर येतो तेव्हा त्याच्या बॅगेतल्या प्रत्येक कपड्याला डिझेलचा वास असतो. दोनदा धुतले तरी जात नाही. आणि तो घरात झोपत नाही. भर आषाढात, आमच्याकडचा पाऊस काय असतो तुम्हाला माहीत आहे, पडवीत अंथरूण टाकतो. झड आत येते, पांघरूण ओलं होतं, तरी आत येत नाही. मीही आता बोलावत नाही.

आता दुसरी बाजू. आम्ही आया गप्प बसतो, विचारत नाही, सांगत नाही. त्या बदल्यात आम्हाला काय मिळायला हवं?

१४ ऑगस्ट २०१३ ला मध्यरात्र उलटल्यावर 'सिंधुरक्षक'वर स्फोट झाले. आतले अठराही जण गेले, तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिक. बोट समुद्रात नव्हती, मुंबईच्या गोदीत धक्क्याला उभी होती. हे मला फार लागलं. बोट धक्क्याला आहे म्हटल्यावर त्या रात्री त्यांच्या घरची माणसं निर्धास्त झोपली असतील. टीव्हीवर दिवसभर ज्वाळा दाखवत होते. पहिले मृतदेह हाती यायला दोन दिवस गेले. माझा मुलगा तेव्हा विशाखापट्टणमला पाणबुडीचंच शिक्षण घेत होता. त्यानं आपणहून नाव दिलेलं होतं. फोनवर म्हणाला, "आई, मी इथंच आहे." नाव मागं घे, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी उच्चारलं नाही.

सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ ला 'सिंधुरत्न'वर धूर झाला आणि दोन अधिकारी गेले. नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. आपल्याकडे हे किती वेळा घडतं? मला त्या माणसाबद्दल आदर आहे. पण बोटी वेळेवर दुरुस्त होणं, बॅटऱ्या वेळेवर बदलणं, हे राजीनाम्यापेक्षा मोठं आहे. त्यावर मोर्चे निघत नाहीत की चर्चा झडत नाहीत.

२०१७ मध्ये अर्जेंटिनाची 'सान हुआन' ४४ जणांसह नाहीशी झाली. सापडली एका वर्षानं. वर्षभर त्या आयांनी काय केलं असेल? २०२१ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाची 'नांगाला' ५३ जणांना घेऊन बुडाली, तेव्हा मदतीला विशाखापट्टणमहून आपलं पथकही निघालं होतं. कुणी वाचलं नाही. पण आपल्याकडे आता बुडालेल्या पाणबुडीतून माणसं सोडवून आणणारी छोटी यानं आहेत, डीएसआरव्ही म्हणतात त्यांना, एक मुंबईला आणि एक विशाखापट्टणमला. पहिलं २०१८ मध्ये आलं. पहिली 'कलवरी' नौदलात आली १९६७ मध्ये. म्हणजे पन्नास वर्षं आपली पोरं स्वतःच्या अशा यानाशिवाय पाण्याखाली जात होती. तोपर्यंत अमेरिकेच्या नौदलाशी करार होता, तेवढाच आधार. माझा राग यावर आहे, फोनबंदीवर नाही.

आणि सत्कारांवरही आहे. एका १५ ऑगस्टला मला शाल-श्रीफळ दिलं. निवेदकानं माइकवर पुकारलं, "वीरमाता..." बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण आपल्याकडे वीरमाता कुणाला म्हणतात? ज्यांची मुलं परत आली नाहीत त्यांना. माझा मुलगा जिवंत आहे हो, पडवीत झोपतो! नारळ घेतला, खाली आले, आणि त्याला शांतपणे सांगितलं की पुढच्या वर्षी नुसतं 'निवृत्त शिक्षिका' म्हण.

असो. हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. परवा कुणीतरी मुलाचा गणवेशातला फोटो टाकला, खाली बोटीचं नाव आणि "लवकरच मोहिमेवर" असं लिहून. खाली सत्तावीस अंगठे. बोटीचं नाव चुकीचं आहे, पण ते महत्त्वाचं नाही. ज्यांनी टाकलाय त्यांनी कृपा करून तो काढा, आणि पुढं ज्यांना ज्यांना पाठवलाय त्यांनाही काढायला सांगा. दिवाळीला येणार का, हेही विचारू नका. आला की पहिला फोन मीच करीन.