हौस म्हणा आणि पैसे बुडवा

आपल्या लग्नघरांत एक शब्द फार स्वस्त झाला आहे. हौस. "तिला शिवणाची हौस आहे." "पोरीला फोटो काढायची हौस आहे." "आपांना लग्नकार्य पार पाडायची भारी हौस!" ऐकायला कौतुक वाटतं. पण हा शब्द कुणासाठी वापरला जातो ते बघा. बिर्याणीची देग चढवणाऱ्या बावर्चीला कुणी हौशी म्हणत नाही. मंडपवाल्याला म्हणत नाही, हॉलवाल्याला तर नाहीच. त्यांचा बयाना महिनाभर आधी जातो आणि उरलेली रक्कम देग उतरायच्या आत मोजून द्यावी लागते. हौस फक्त बाईच्या हाताला असते, आणि ती एकदा आहे म्हटलं की हिशोब संपतो.

रमजान ईद झाली, शव्वाल लागला, की मुंब्र्यात, मालेगावात, कोंढव्यात, कोकणातल्या मोहल्ल्यांत निकाहच्या तारखा एकावर एक पडू लागतात. त्या दिवसांत रात्री दोन वाजता गल्लीतून चालत जा. ज्या घरात दिवा जळतो आणि मशीनचा आवाज येतो, ते घर शिवणाऱ्या बाईचं. तिच्या त्या रात्रीला आपण काय भाव देतो, ते सांगायला मी बसले आहे.

ज्यांना शिवण म्हणजे सरळ रेषेत मशीन मारणं वाटतं, त्यांनी एकदा गरारा शिवून बघावा. शरारा कमरेपासूनच घेर धरतो. गरारा गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर बसतो, तिथे जोड येतो आणि खाली चुण्यांचा घेर सुटतो. तो जोड झाकायला वरून गोटा. चुण्या दोन्ही पायांवर सारख्या पडल्या नाहीत तर दुल्हन चालताना एक पाय ओढते आहे असं वाटतं. किनखाब असेल तर कापताक्षणी धागे सुटतात, म्हणून आधी कडा बांधून घ्यायच्या. टिकल्यांचं भरीव काम असेल तर सुई मोडते, म्हणून शिवण जिथून जाणार तिथल्या टिकल्या एकेक करून काढायच्या आणि शिवून झाल्यावर हाताने परत टाकायच्या. वर ऐन वेळी दुल्हनची फुफी येऊन सांगणार, "कमरेत अर्धा इंच सैल करा, मुलगी दमते." अर्धा इंच म्हणजे अस्तरासकट सगळं उसवणं.

आता साधं गणित करू. समजा, या कामाचे दोन हजार रुपये ठरले. काम चार दिवसांचं, दिवसाला आठ तास. म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये. त्यातून धागा, सुया, वीज, मशीनची दुरुस्ती तिचीच. ज्या कापडावर ती कात्री चालवते ते पंचवीस हजारांचं असू शकतं, आणि चुकली तर भरपाईही तिच्याच माथी. दुकानात कापडाचा भाव सांगितला की आपण मान डोलावतो, शिलाई सांगितली की म्हणतो, "एवढे? घरीच तर शिवता!" नात्यातली असेल तर हे दोन हजारही नाहीत. एक ब्लाउजपीस, मिठाईचा डबा आणि भरपूर दुआ.

हे "घरीच तर" फार जुनं आणि फार महाग पडलेलं आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के घरातच बसून काम करतात. सगळ्या कामगारांचा विचार केला तर हे प्रमाण 51 टक्के भरतं. म्हणजे आपल्या समाजात घर हाच बाईचा कारखाना आहे. घरबसल्या काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. सरकारला त्यासाठी जाब विचारायचाच. पण सरकारने मोहोर उठवली नाही म्हणून शेजारच्या आपांची शिलाई बुडवायची परवानगी आपल्याला कुणी दिली?

इथे दीनदार मंडळी पुढे येतात आणि सादगीचं प्रवचन सुरू होतं. निकाह साधा करा, फिजूलखर्ची टाळा. अगदी बरोबर. मीही तेच म्हणते. अब्दुर्रहमान बिन औफ यांचं लग्न होऊन गेल्यावर रसूलल्लाहांना ते कळलं, तेही त्यांच्या कपड्यावरचा केशरी डाग पाहून. आणि मग वलीमा कर, एका बकरीचा का होईना, एवढंच सांगितलं गेलं. इतकं साधं लग्न कुणाला नको आहे? पण आपली सादगी कुठे कात्री लावते ते बघा. पाचशेचे आठशे पाहुणे होतात, तिथे सादगी आठवत नाही. नवऱ्या मुलाच्या गाडीला फुलं चढतात, तिथे आठवत नाही. मशिदीत निकाह लावल्याचं सांगायचं आणि संध्याकाळी लॉनवर वलीमा करायचा, तिथेही नाही. सादगीचं भान येतं ते शिवणाऱ्या बाईचं बिल हातात आल्यावर. "बाजी, आम्ही साधंच लग्न करतोय हो, थोडं कमी करा ना." म्हणजे सवाब यांना आणि काटकसर तिच्या ताटातून.

घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही हदीस आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकू येते! मात्र ती सांगताना डोळ्यांपुढे कायम एक पुरुष असतो, डोक्यावर पाटी, अंगात बनियन. सूरह निसाच्या 32 व्या आयतीत पुरुषांच्या कमाईबरोबर स्त्रियांच्या कमाईचा हिस्साही स्वतंत्रपणे सांगितला आहे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश स्वतःच्या हातांनी काम करत, कातडी कमावत, शिवत, आणि त्या कमाईतून सदका देत. त्यांच्या या कामाला हौस म्हणायची हिंमत कुणी करेल? आणि स्वतः रसूलल्लाह आपले कपडे शिवत, चपला सांधत, असं हजरत आयशांनी सांगितलं आहे. सुई कमी दर्जाची आहे हे आपण दीनातून शिकलेलो नाही, कुठून तरी दुसरीकडून उचललं आहे.

आता कॅमेरा. तसवीर जायज की नाजायज हा उलेमांमधला जुना वाद आहे. जे घर प्रामाणिकपणे फोटोच नको म्हणतं, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मर्दानी बाजूला ड्रोन उडवणाऱ्या आणि जनानी बाजूला आल्यावर पर्द्याची आठवण होणाऱ्या घरांशी. पर्दा हवा, तर बाई फोटोग्राफर हवी. ही मागणी काही नवी नाही. राजा दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला होता. तिथे एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली पर्दानशीन स्त्रियांचे फोटो निघत. तो स्टुडिओ धंदा म्हणून चालत होता. सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर आपल्या मोहल्ल्यातली मुलगी तेच काम करते, तर ती म्हणे "पॉकेटमनीसाठी" करते.

तिची अडचण बाहेरून दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. जनानखान्यात ती एकटीच. सोबत दिवा धरायला मुलगा आणता येत नाही, म्हणून कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश, स्टँड सगळं तिच्याच खांद्यावर. खोली लहान, ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, वर जरीवरून परत येणारी चमक. त्यात दुल्हनचा मेहंदीचा रंग मेहंदीचाच दिसला पाहिजे. काम संपलं की अट: एकही फोटो कुठे टाकायचा नाही, आम्हाला दिल्यावर तुमच्याकडचे सगळे पुसून टाकायचे. अट रास्त आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण तिचा परिणाम बघा. पुरुष फोटोग्राफर दहा लग्नांची कामं इन्स्टाग्रामवर मांडतो आणि अकराव्या लग्नाला भाव वाढवतो. या मुलीने चाळीस लग्नं केली तरी दाखवायला तिच्याकडे काही नसतं. मग पुढचं घर म्हणतं, "तू तर नवीन दिसतेस, कमीत घे." पर्दा तुमचा आणि त्याची किंमत तिने मोजायची. ज्या कामाची जाहिरात करता येत नाही, त्याचा मोबदला जास्त हवा की कमी? कुठल्याही दुकानदाराला विचारा.

तिसरी बाई सर्वांत गरीब, कारण तिच्या हातात मशीन नाही, कॅमेराही नाही. एक वही आहे. जहेज घ्यायचं नाही असं ठरलेलं असूनही काय काय "भेट" म्हणून येणार, मेहंदीवाली किती वाजता, काजीसाहेबांना कोण आणणार, बाहेरगावच्या खाला कुणाकडे उतरणार, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, सगळं त्या वहीत. हेच काम कोट घालून, गळ्यात पट्टी अडकवून कुणी केलं तर तो वेडिंग प्लॅनर आणि त्याचं पॅकेज असतं. मोहल्ल्यातल्या आपांनी दहा लग्नं अशी पार पाडल्यावर अकराव्याला पैशाचा विषय काढला, तर "किती बदलल्या" असं ऐकावं लागतं.

लोक म्हणतील, सगळ्यालाच पैसे लावले तर आपलेपणा कुठे राहील? या कामातला आनंद जाईल. आनंद मलाही ठाऊक आहे. उरलेल्या चिंध्यांतून गोधडी जोडताना, तुकड्याला तुकडा रंगाने जुळतो तेव्हा मनाला जे वाटतं ते पैशात येत नाही. पण बावर्चीलाही आपली बिर्याणी मोकळी उतरली की आनंद होतोच. त्याच्या बिलातून आनंदाचे पैसे कुणी वजा केल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्या बाईला बहिणीच्या मुलीचा दुपट्टा फुकट काढून द्यायचा आहे, तिने जरूर द्यावा. देणं तिचं आहे, तिनेच ठरवावं. आपण गृहीत धरून घेतो, त्याला भेट म्हणत नाहीत.

आपल्या अनेक जमाती लग्नांचे नियम करतात. जेवणात किती पदार्थ, वाजंत्री की नाही, हॉल किती वाजता रिकामा करायचा. मेहर किती आणि रोख की उधार, हे तर निकाहनाम्यात लिहिलं जातं. त्या नियमांत एक ओळ वाढवायला काय हरकत आहे: शिलाई, जनानी फोटो आणि व्यवस्था यांचे पैसे आधी ठरवायचे, निम्मे बयाना म्हणून द्यायचे आणि उरलेले निकाहच्या आदल्या दिवशी चुकते करायचे. पुढच्या बैठकीत कुणीतरी हा ठराव मांडावा. विरोधात पहिला हात कुणाचा वर जातो ते बघू, आणि मग त्यांच्या घरचे कपडे कुणी शिवले होते, तेही विचारू.