ऋण, नादारी आणि घराची वही

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलची भांडी घडतात, पश्चिमेच्या बाजारात दुकाने चालतात, आणि या दोहोंच्या मुळाशी उधारी असते. माल उधारीवर येतो, उधारीवरच जातो. मधला एखादा मोठा ग्राहक बुडाला की साखळी तुटते आणि दुकानाचे देणे हळूहळू घरात शिरते. आधी दागिने गहाण पडतात, मग क्रेडिट कार्ड वापरले जाते, शेवटी खासगी व्याजाची रक्कम उचलली जाते. इथवर आलेल्या घरात ‘दिवाळे’ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. त्यामुळे त्याचा अर्थही कोणी समजून घेत नाही. या वेळी तो समजून घेऊ.

प्रथम एक भीती मनातून काढून टाकावी. कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी ऋणकोला कैदेत ठेवायचे, तर ऐपत असूनही तो देणे टाळतो आहे किंवा संपत्ती लपवतो आहे, असे दिसावे लागते. केवळ गरिबीपायी कैद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले. आपल्या महाराष्ट्रात तर १८७५ साली सुपे येथून सावकारीविरुद्ध उठाव पसरला आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याची कर्जापायी होणारी कैद थांबली. न वटलेल्या धनादेशाची गोष्ट मात्र वेगळी. तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. म्हणून खात्यात पैसे येण्याची खात्री नसता, केवळ मुदत मिळावी यासाठी पुढील तारखेचे धनादेश देऊ नयेत.

कायद्याच्या भाषेत दिवाळ्याला ‘नादारी’ म्हणतात. दहिसर नाक्याच्या दोन्ही बाजूंना तिचे कायदे निरनिराळे आहेत. मुंबईला १९०९ चा इलाखा शहर नादारी कायदा लागू आहे आणि अर्ज उच्च न्यायालयात होतो. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असल्याने येथे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो आणि अधिकार जिल्हा न्यायालयाकडे असतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अमलात आला. सामान्य गृहस्थ वा दुकानदार जुन्याच कायद्याखाली आहे. तो किती जुना, हे एका आकड्यावरून कळते: कर्ज ५०० रुपयांचे असले तरी अर्ज करता येतो.

न्यायालयाने नादार ठरवले की ऋणकोची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा प्रापकाच्या ताब्यात जाते आणि धनकोंमध्ये प्रमाणशीर वाटली जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, भविष्यनिर्वाह निधी आणि धर्मरूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नये असा अलंकार यांना संरक्षण आहे. गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा तारण घरावरील हक्क मात्र अबाधित राहतो. पुढे न्यायालयाने मुक्ततेचा आदेश दिला तरी सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि पोटगी यांतून सुटका नाही. मुक्तता मिळेपर्यंत आपली नादारी न सांगता ५० रुपये उसने घेणेही शिक्षापात्र आहे.

अडचणीत आलेल्यास हितचिंतक हमखास एक सल्ला देतात: ‘फ्लॅट पत्नीच्या नावावर करून टाका.’ नादार ठरण्यापूर्वीच्या दोन वर्षांत असे विनामोबदला हस्तांतर झाले असेल, तर न्यायालय ते रद्द करू शकते. वर अशा वर्तनामुळे मुक्तताही अडू शकते. म्हणजे घर वाचत नाही आणि पतही जाते.

यापेक्षाही अधिक घरे एका सहीने अडचणीत येतात. साडू, मेहुणा, जुना भागीदार कागद पुढे करतो आणि आपण संकोचाने जामीन राहतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते. ऋणकोला नादारीतून मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. नात्यापोटी मदत करायचीच असेल तर झेपेल तेवढी रक्कम हाती द्यावी. सही देऊ नये.

आता घराच्या वहीकडे वळू. समजा, क्रेडिट कार्डाची थकबाकी १,००,००० रुपये असून व्याज महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज ३,५०० रुपये, त्यावरील १८ टक्के करासह ४,१३० रुपये. आपण ५,००० रुपये भरले, तर मुद्दल केवळ ८७० रुपयांनी उतरते. म्हणून सर्व देण्यांची एक यादी करावी. प्रत्येकापुढे व्याजदर आणि तारण लिहावे. घराचा हप्ता आधी राखावा, उरलेल्यातून सर्वांत महाग कर्ज प्रथम फेडावे. जुने फेडण्यासाठी नवे महाग कर्ज काढू नये.

हप्ता चुकणार असे दिसताच बँकेला लेखी कळवावे व पुनर्रचना मागावी. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक ठरते. मग तारण घराबाबत ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने १५ दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तडजोडीने कमी रकमेत खाते मिटवल्यास तशी नोंद पतअहवालात राहते, हे जाणून सही करावी. वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार आधी बँकेकडे करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनाशुल्क करता येते. खासगी सावकाराला २०१४ च्या राज्य कायद्यानुसार परवाना लागतो; तो पाहिल्याविना व्यवहार करू नये.

दुकानाची वही आपण दिवाळीला पुजतो. घराची वही मात्र अनेकदा कर्त्या पुरुषाच्या मनातच असते. ती कागदावर उतरवून महिन्यातून एकदा पती-पत्नींनी एकत्र वाचावी, कमावत्या मुलांनाही सोबत बसवावे. देणे लवकर उघड झाले, तर हप्ता बदलून घेता येतो, एखादी वस्तू सवडीने व योग्य भावाने विकता येते, वकिलाचा सल्ला वेळेत मिळतो. लपवलेल्या कर्जाला यातले काहीच लाभत नाही.