फोन किती, की मिनिटे किती?

शाळेला संगणक मिळाला, घरात फोन आला, की शिक्षणातली दरी बुजली असे आपण धरून चालतो. विद्यार्थी मित्रांनो, जरा गणित करू. समजा, छत्रपती संभाजीनगरातल्या एका घरी तीन भावंडे आणि फोन एकच. तोही दिवसभर वडिलांबरोबर वाळूजच्या कारखान्यात. संध्याकाळी दोन तास मोकळा. म्हणजे प्रत्येकाला ४० मिनिटे. सिडकोतल्या घरी मुलीचा स्वतःचा संगणक आहे, ती चार तास वापरते. साधन असलेली घरे मोजली तर दोन्ही सारखी. मिनिटे मोजली तर फरक सहापट!

दूरचित्रवाणीचे तंत्र निराळे. एकदा प्रक्षेपण केले, की संच शंभर असोत की लाख, प्रक्षेपकाला जास्त वीज लागत नाही. इंटरनेटवर प्रत्येकाचा प्रवाह वेगळा आणि पैसेही वेगळे. १९७५-७६ च्या 'साइट' प्रयोगात एटीएस-६ उपग्रहाने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवले, तेही गावाच्या सामाईक संचावर. (महाराष्ट्र त्यात नव्हता.) करोनाने शाळा बंद असताना, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. पण पडद्याला शंका विचारता येत नाही. मुलाचे कुठे अडले हे गुरुजींनाच कळते.

म्हणून माझे मत असे: घरोघर टॅब्लेट वाटण्याआधी शाळेतली यंत्रे शाळा सुटल्यावर दोन तास उघडी ठेवावीत, शेजारी शिक्षक असावा, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा. शिक्षकांनी आठवडाभर प्रत्येक मुलाची मिनिटे नोंदवावीत. ज्यांच्यापुढे शून्य येईल, त्यांची पाळी पहिली.