बॅकअप आहे हो, पण परत येतो का?

'डेटाबेस येतो' असं बायोडेटात लिहिणाऱ्या मुलांना मी एकच प्रश्न विचारतो : बॅकअपवरून अख्खा डेटाबेस कधी परत उभा केला आहेस का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच असतं. थर्ड नॉर्मल फॉर्मची व्याख्या मात्र तोंडपाठ असते. त्यात मुलांचा दोष नाही, परीक्षेत जे येतं तेच आपण शिकतो. पण नोकरी लागली की एक दिवस खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड हातात पडतो आणि तिथे व्याख्या उपयोगी पडत नाही. माझ्या मते या कामातलं पहिलं कौशल्य म्हणजे क्वेरी लिहिणं नव्हे, गेलेला डेटा परत आणणं.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर गिटलॅबची गोष्ट ऐका. प्रोग्रॅमर मंडळी आपला कोड जिथे ठेवतात अशी ही साइट. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक इंजिनियर दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे नक्कल ठेवणाऱ्या, सर्व्हरशी झगडत होता. तिथलं डेटाचं फोल्डर रिकामं करून नक्कल नव्याने सुरू करायची, असा बेत. कमांड दिली, आणि एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत! कमांड थांबवली, पण तोवर ३०० जीबीच्या आसपास असलेल्या डेटातले जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

ठीक आहे, बॅकअप असेलच की. होता ना, कागदावर! रोज बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो रोज निमूटपणे अपयशी ठरत होता. 'बॅकअप झाला नाही' असं सांगणारे मेलही जात होते, पण पाठवणाऱ्याची खातरजमा होत नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. शेवटी कामी आली ती एक प्रत, कुणीतरी भलत्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली. लोकांचा कोड वाचला, पण मधल्या सहा तासांत डेटाबेसमध्ये पडलेली भर गेली. त्यांच्याच हिशेबाने सुमारे ५००० प्रोजेक्ट, ५००० प्रतिक्रिया आणि ७०० नवे सदस्य. साइट पूर्ववत व्हायला जवळपास अठरा तास लागले.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहिलं, आणि त्या इंजिनियरचं नाव न घेता. प्रश्न 'कोणी केलं' हा नव्हताच, 'परत का आणता आलं नाही' हा होता. आपल्याकडे असं झालं की आधी बळीचा बकरा शोधतात. बकरा सापडला की बॅकअप तपासायचं राहूनच जातं.

तर मंडळी, घरच्या घरी करता येण्याजोगं थोडंसं.

एक, डिलीट लिहिण्याआधी तीच अट घालून सिलेक्ट चालवा आणि किती ओळी येतात ते मोजा. मग ट्रॅन्झॅक्शन सुरू करून डिलीट करा, आकडा जुळला तर कमिट, नाहीतर रोलबॅक. पण लक्षात ठेवा, रोलबॅक डेटाबेसच्या आत चालतो. बाहेरून फाइलच उडवली तर त्याचा काही इलाज चालत नाही.

दोन, नक्कल ठेवणारा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर चुकीचं डिलीट झालं की नकलेतही ते इमानेइतबारे होतं.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पोस्टग्रेस फुकट मिळतो, तो घ्या. लाखभर ओळींचं टेबल बनवा, बॅकअप घ्या, डेटाबेस पुसून टाका आणि घड्याळ लावून परत उभा करा. ओळी मोजा. मग हेच दुसऱ्या मशीनवर करून बघा. पहिल्या खेपेला बहुधा कुठेतरी अडेल. कधी परवानगी नसेल, कधी आवृत्ती जुळणार नाही, तर कधी डिस्कवर जागाच नसेल. हे सगळं तेव्हाच कळलेलं बरं, कारण खऱ्या डेटाबेसमधल्या ओळी म्हणजे कुणाची तरी फी भरल्याची नोंद असते, कुणाचं रक्ततपासणीचं निदान असतं.

कॉलेजात शिकवणाऱ्या मित्रांना एक विनंती : प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एकदा पोरांचा डेटाबेस त्यांच्यादेखत पुसा आणि अर्ध्या तासात परत मागा. जो आणून देईल, त्याला खुशाल पैकीच्या पैकी मार्क द्या.