पहिली ईद कुणाच्या घरी?

निकाहनंतरची माझी पहिली रमजान ईद. सासर नांदेड, माहेर लातूर. "पहिली ईद सासरीच," सगळे म्हणाले. मीही मान डोलावली. चाँदरातीला अब्बांचा फोन आला. "शिरखुर्मा थोडाच केलाय. खायला आहे कोण?" मी त्यांची एकुलती एक.

कुरआनच्या १७व्या सूरहमध्ये, बनी इसराईलमध्ये, आई-वडिलांशी चांगलं वागण्याचा हुकूम आहे. तो फक्त मुलांना नाही, मुलींनाही आहे. निकाहनं तो संपत नाही. मग "सासरीच" हा रिवाज झाला, दीन नव्हे.

ईदची नमाज झाली, पाहुण्यांना शिरखुर्मा वाढला आणि मी धीर करून विचारलं. सासूबाईंनीच डबा भरून दिला. दुपारच्या एसटीनं आम्ही दोघं लातूरला निघालो.

तुमच्या घरी नवी सून असेल, तर तिला विचारायची वेळ येऊ देऊ नका.